अट न घालता दिलेली रोख मदत: खेड्यातल्या ओढगस्तीच्या घरात तिने काय बदलतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गरिबाच्या हातात पैसे द्यावेत की वस्तू, यावर आपल्याकडे जवळपास प्रत्येकाचं मत आधीच ठरलेलं असतं. विषय निघाला की ठरावीक प्रश्न येतात, आणि ते रास्त असतात. त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. बरीचशी उत्तरं केनियाच्या पश्चिम भागातल्या सियाया जिल्ह्यातून आली आहेत, कारण गेल्या पंधराएक वर्षांत या प्रश्नाचा तिथल्याइतका बारकाईने अभ्यास फार थोड्या ठिकाणी झाला आहे. मध्य प्रदेशातला एक प्रयोगही यात आहे, आणि जिथे खरोखर संबंध येतो तिथे महाराष्ट्रही.

‘विनाअट’ म्हणजे कोणालाही, कसेही पैसे वाटायचे का?

नाही. कोणाला द्यायचे याचे निकष असतात. अट नसते ती खर्चावर. पैसे कुठे गेले याचा हिशेब मागायचा नाही, पावत्या बघायच्या नाहीत, ‘मूल शाळेत गेलं तरच पुढचा हप्ता’ असं म्हणायचं नाही, आणि पैसे परतही मागायचे नाहीत.

सियायात नेमकं काय केलं गेलं?

सियाया हा व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचा जिल्हा. बराक ओबामांच्या वडिलांचं कोगेलो हे गाव इथलंच. वस्ती मुख्यतः लुओ समाजाची. थोडी शेती, त्यात मका आणि ज्वारी, दोन-चार कोंबड्या, आणि सरोवरातली ओमेना नावाची बारीक मासळी. शेतावर भागत नाही म्हणून दुसऱ्याच्या बांधावर मजुरी. आपल्याकडच्या कोरडवाहू गावात वाढलेल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही.

अमेरिकेत अर्थशास्त्र शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या ‘गिव्हडायरेक्टली’ या संस्थेने २०१४ ते २०१७ या काळात इथल्या साडेदहा हजारांहून जास्त कुटुंबांना प्रत्येकी सुमारे १००० डॉलर दिले. त्या वेळच्या दराने हे साठ-पासष्ट हजार रुपये होतात. त्या भागातलं एक घर वर्षभरात जेवढा खर्च करतं, त्याच्या जवळपास पाऊणपट ही रक्कम होती. अभ्यासात एकूण ६५३ गावं होती. कोणत्या गावात पैसे द्यायचे हे सोडतीने ठरलं, आणि गावात ज्यांच्या घरावर गवताचं छप्पर होतं ती घरं पात्र ठरली. पैसे मोबाइलवर आले. केनियात २००७ पासून एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा आहे. मेसेज आला की जवळच्या दुकानातल्या एजंटकडून रोख काढता येते, बँकेत खातं असायची गरज नसते.

सोडतीचं महत्त्व असं की दोन सारख्या गावांपैकी एकाला पैसे मिळाले आणि दुसऱ्याला नाहीत. त्यामुळे पुढे दिसलेला फरक पैशामुळेच पडला, त्या वर्षीच्या चांगल्या पावसामुळे नाही, असं खात्रीने म्हणता येतं.

पैसे आले की घरात पहिल्यांदा काय बदलतं?

छप्पर. सियायात हे इतक्या ठळकपणे दिसतं की बाहेरच्या माणसालाही वाटेवरून कळतं. गवताचं छप्पर स्वस्त वाटतं, पण ते पुन्हा पुन्हा शाकारावं लागतं, त्याला गवत आणि मजुरी लागते, आणि तरी पावसाळ्यात गळतं. पत्रा एकदा घातला की तो खर्च सुटतो. म्हणजे ज्याला आपण ‘घरावर उडवलेले पैसे’ म्हणू, तो दरवर्षीची गळती बंद करणारा खर्च असतो. या घरांना हे आधीपासून माहीत होतं. पत्र्याची रक्कम एका वेळी हातात येत नव्हती, एवढंच.

त्यानंतर जनावरं. कोंबड्या, शेळ्या, जमलं तर गाय. मग ताटात फरक पडतो. मुलांचं उपाशी झोपणं कमी होतं, मांस आणि मासळी जास्त वेळा शिजते. सियायातल्याच रारिएडा भागात २०११ ते २०१३ दरम्यान योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शापिरो यांनी केलेल्या अभ्यासात हे सगळं नोंदलं गेलं. माणसांच्या मनावरचा ताण आणि खिन्नता कमी झाल्याचंही त्यात दिसलं. त्यांनी लाळेचे नमुने घेऊन कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही मोजलं. सरासरी काढली तर त्यात फरक नव्हता. पण पैसे बाईला मिळाले तेव्हा ते पुरुषाला मिळाले त्यापेक्षा कमी होतं, आणि रक्कम मोठी किंवा एकरकमी असली तेव्हाही ते कमी होतं.

मला मात्र या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट, जी वस्तूंच्या यादीत बसत नाही: घराला थांबता येतं. पश्चिम केनियात मक्याचा भाव काढणीच्या वेळी पडतो आणि पुढच्या टंचाईच्या महिन्यांपर्यंत २५ ते ४० टक्के चढतो. हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असतं. तरीही गरीब घर काढणीलाच मका विकतं, कारण शाळेची फी भरायची असते, उसनवारी फेडायची असते. चार-सहा महिन्यांनी तेच घर बाजारातून चढ्या भावाने मका विकत घेतं. सोयाबीन किंवा कांदा पडत्या भावात घालणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ही गत कोणी शिकवायला नको. त्या वेळी घरात थोडी रोकड असेल तर पोतं घरातच राहतं. आजारी माणसाला दुखणं अंगावर न काढता दवाखान्यात नेता येतं. व्यापारी, सावकार, मुकादम यांच्यापैकी कोणाला तरी आजच्या आज होकार द्यायची वेळ टळते.

खरं सांगा, निम्मे पैसे दारूत जात नाहीत का?

नाही. हा प्रश्न जगभर विचारला गेला म्हणून तो जगभर तपासलाही गेला. डेव्हिड इव्हान्स आणि अॅना पोपोव्हा यांनी वेगवेगळ्या देशांतले १९ अभ्यास एकत्र करून पाहिले. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं त्यातून दिसलं नाही, सरासरीने तो किंचित कमीच झाला. रारिएडातही वाढ आढळली नाही.

दारूने उद्ध्वस्त झालेलं घर प्रत्येक गावात असतं आणि ते दुःख खरं आहे. पण त्या एका घराकडे बोट दाखवून उरलेल्या घरांचे हात बांधणं मला अन्यायाचं वाटतं.

फुकट मिळालं की माणूस काम सोडतो ना?

सोडत नाही, काम बदलतो. केनियातच सियाया आणि बोमेट जिल्ह्यांत ‘गिव्हडायरेक्टली’चा आणखी मोठा प्रयोग चालू आहे. त्यात ४४ गावांतल्या प्रत्येक प्रौढ माणसाला बारा वर्षं दरमहा सुमारे साडेबावीस डॉलर मिळायचे आहेत. ८० गावांना तेवढीच रक्कम दोन वर्षं मिळाली, ७१ गावांना एकरकमी मिळाली, आणि १०० गावं तुलनेसाठी ठेवली. अभिजित बॅनर्जी आणि तवनीत सुरी यांच्यासह संशोधकांच्या गटाने २०२३ मध्ये जे पहिले निष्कर्ष मांडले, त्यात लोकांनी एकूण काम कमी केल्याचं दिसलं नाही. दुसऱ्याकडची मजुरी कमी झाली आणि स्वतःचा धंदा वाढला. छोटं दुकान, मासळीची विक्री, भाड्याने चालवायची मोटरसायकल, असं काहीबाही.

एका ठिकाणी मात्र काम खरोखर कमी झालं, आणि ते कमी व्हायलाच हवं होतं. ते पुढे मुलांच्या प्रश्नात सांगतो.

एकरकमी द्यावेत की दर महिन्याला?

दोन्हींचे परिणाम वेगळे आहेत. महिन्याला मिळाले की ते पोटात जातात: जेवण सुधारतं, उपास टळतात. एकरकमी मिळाले की पत्रा, गाय, दुकानातला माल अशा मोठ्या गोष्टी होतात.

बारा वर्षं पैसे मिळणाऱ्या गावांत लोकांनी यावर स्वतःच तोड काढली. केनियात ‘चामा’ नावाचे गट असतात. ठरावीक माणसं दर महिन्याला ठरावीक रक्कम जमा करतात आणि पाळीपाळीने एकेकाला सगळी देतात. म्हणजे आपली भिशीच. महिन्याचे पैसे चामात घालून त्यांनी त्यांची एकरकमी रक्कम करून घेतली. पुढची बारा वर्षं पैसे येणार हे पक्कं माहीत होतं, म्हणून त्या भरवशावर त्यांना योजना आखता आली. दोन वर्षांच्या गावांना त्या काळात महिन्याला तेवढेच पैसे मिळाले होते, पण तिथे धंद्यातली वाढ कमी दिसली. मदत किती आहे याइतकंच ती किती दिवस येणार हे घराला आधी माहीत असणं महत्त्वाचं आहे, असा मी याचा अर्थ घेतो.

पैसे बाईच्या नावावर द्यावेत की पुरुषाच्या?

इथे उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळं निघालं. रारिएडात पैसे नवऱ्याला द्यायचे की बायकोला हेही सोडतीने ठरवलं होतं. खर्चाच्या बहुतेक बाबींत दोघांमध्ये फारसा फरक सापडला नाही. पण घरातली मारहाण दोन्ही प्रकारच्या घरांत कमी झाली. लैंगिक जबरदस्ती मात्र पैसे बाईच्या हातात आले तिथेच स्पष्टपणे घटली. माझ्यापुरतं एवढं कारण पुरेसं आहे. पैसे बाईच्या नावावर असावेत.

लहान मुलांवर काही परिणाम होतो का?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

सियायातल्या त्याच ६५३ गावांत संशोधक पुन्हा गेले आणि एक लाखाहून अधिक जन्मांची माहिती गोळा केली. मायकेल वॉकर, एडवर्ड मिगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये निष्कर्ष मांडले. पैसे मिळालेल्या घरांत एक वर्षाच्या आतल्या बाळांचे मृत्यू ४८ टक्क्यांनी कमी झाले होते, पाच वर्षांखालच्या मुलांचे ४५ टक्क्यांनी. पैसे देताना बाळंतपणाचा, लसीचा, आहाराचा कोणीही शब्द काढला नव्हता.

हे कसं झालं, हेही त्यांनी शोधलं. दवाखान्यातली बाळंतपणं ४५ टक्क्यांनी वाढली. सर्वांत जास्त जीव वाचले ते पैसे बाळंतपणाच्या आसपास मिळाले तिथे, आणि जिथे डॉक्टर असलेला दवाखाना जवळ होता तिथे. दुसरी गोष्ट मघाशी म्हटलेल्या कामाची. बाळंतपणाआधीचे तीन महिने आणि नंतरचे तीन महिने बायकांचं कष्टाचं काम जवळपास निम्म्यावर आलं. ज्या बाईला आठव्या महिन्यात शेतावर जावं लागत होतं ती घरी राहिली. मुलांचं खाणंही सुधारलं. सर्वांत जास्त फायदा सर्वांत गरीब घरांना झाला.

पोटुशी असताना उसाच्या फडात मोळ्या वाहणाऱ्या आपल्याकडच्या बायकांची आठवण मला हे वाचताना झाली. त्या विश्रांती घेत नाहीत ती अज्ञानामुळे नाही. एक दिवस खाडा झाला की दंड बसतो, आणि घेतलेली उचल फिटायची असते.

पैशाने एकट्याने हे साधलं नाही, हेही तितकंच लक्षात ठेवायला हवं. जवळ डॉक्टर नसेल तर हातात पैसे असून जायचं कुठे?

गावात पैसा आला की महागाई वाढत नाही का? ज्यांना मिळाले नाहीत त्यांचं काय?

सियायात आलेला पैसा त्या भागाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या सुमारे १५ टक्के होता, म्हणजे लहानसहान नाही. तरीही भाववाढ सरासरी ०.१ टक्क्याच्या आसपास राहिली. गावातली गिरणी, दुकान, सुताराचं काम पूर्ण क्षमतेने चालत नव्हतं. गिऱ्हाईक आलं तेव्हा भाव न वाढवताच जास्त दळण दळता आलं, जास्त माल विकता आला.

शेजाऱ्यांचंही भलं झालं. पत्रे मारायला माणूस लागला, मजुरी मिळाली, दुकानाचा गल्ला वाढला, आणि पैसे न मिळालेल्या घरांचाही खर्च करण्याचा आवाका वाढला. संशोधकांच्या हिशेबाने आलेल्या प्रत्येक डॉलरमागे त्या भागाची अर्थव्यवस्था सुमारे अडीच डॉलरने वाढली.

मत्सर, कुरबुरी होतात, त्या नाकारण्यात अर्थ नाही. शेजारच्या होमा बे जिल्ह्यात तर अनेकांनी पैसे घेण्यासच नकार दिला. कोणी अनोळखी माणूस एवढे पैसे उगाच कशाला देईल, यामागे काही अघोरी प्रकार असणार, अशी अफवा पसरली होती. गरीब माणूस फुकटचं दिसलं की हात पसरतो, असं मानणाऱ्यांनी या होमा बेकडे जरूर पाहावं.

पैशाऐवजी शेळी किंवा शिलाई मशीन का देऊ नये?

ज्या घराला शेळीच हवी आहे ते पैशातून शेळी घेईल, आणि बाजारात पारखून स्वतःच्या पसंतीची घेईल. ज्याला नको आहे ते घर तुमची शेळी पडत्या भावाने विकेल. वस्तूसोबत खरेदी, वाहतूक, वाटप यांचा खर्चही येतो. जिथे वस्तू बाजारात मिळतच नाही, उदाहरणार्थ पुरानंतरचे पहिले काही दिवस, तिथे मात्र वस्तूच द्याव्यात. तेव्हा नोटेपेक्षा पिण्याच्या पाण्याला किंमत असते.

मधल्या मधे कोणी खात नाही का?

खातात. काँगोच्या पूर्व भागात ‘गिव्हडायरेक्टली’च्याच काही कर्मचाऱ्यांनी लाभार्थ्यांच्या सिमकार्डांमध्ये फेरफार करून सुमारे ९ लाख डॉलर लुबाडले. २०२३ मध्ये संस्थेने स्वतःच ते जाहीर केलं. नोंदणी करणारा आणि तक्रार ऐकणारा माणूस एकच असला तर असं सहज होऊ शकतं. थेट पैसे पाठवल्याने हात कमी होतात, पण उरलेल्या हातांवर लक्ष ठेवावंच लागतं.

भारतात असं काही झालंय का?

झालं आहे. मध्य प्रदेशात इंदूरच्या आसपास ‘सेवा’ या स्वयंरोजगारी महिलांच्या संघटनेने २०११ मध्ये युनिसेफच्या मदतीने प्रयोग केला. आठ गावांत प्रत्येक प्रौढाला दरमहा २०० रुपये आणि प्रत्येक मुलामागे १०० रुपये. मुलाचे पैसे आईकडे. वर्षभराने हे आकडे ३०० आणि १५० झाले. म्हणजे आईवडील आणि तीन मुलं अशा घराला आधी ७०० आणि मग १०५० रुपये. एका भिल्ल वस्तीच्या गावातही असाच प्रयोग झाला. रेनाना झाबवाला, शरत दावला आणि गाय स्टँडिंग या अभ्यासकांनी त्यावर काम केलं.

एवढ्याशा रकमेने काय होणार, असं तेव्हाही म्हटलं गेलं. पण मुलींचं वयानुसार वजन सुधारलं, शाळेतली हजेरी वाढली. लोकांनी बियाणं-खतं घेतली, जनावरं घेतली. मजुरीवरून स्वतःच्या शेतीकडे वळण्याचा कल इथेही दिसला. कर्जाचा भार हलका झाला, आणि आदिवासी गावात कर्ज फेडून बांधील मजुरीतून सुटल्याची उदाहरणं नोंदली गेली. दिवाळीआधी मुकादमाकडून उचल घेऊन सहा महिने कारखान्याच्या तळावर जाणाऱ्या बीडच्या जोडप्याच्या बाबतीत हीच कडी तोडायला हवी, असं मला मनापासून वाटतं. उचल ही पुढच्या कामाची आधीच दिलेली मजुरी असते. घरात आधीच पैसे असतील तर भाव ठरवताना ते जोडपं मान वर करून बोलू शकेल.

मग ‘लाडकी बहीण’ आणि ‘पीएम-किसान’ हेच ना?

बऱ्याच अंशी हो. पीएम-किसानमध्ये वर्षाला ६००० रुपये तीन हप्त्यांत येतात. महाराष्ट्रात ‘नमो शेतकरी’चे आणखी ६०००. जुलै २०२४ पासून ‘लाडकी बहीण’चे दरमहा १५००. खर्चावर यांपैकी कशातही अट नाही.

पण पीएम-किसान जमीन नावावर असलेल्यालाच मिळतं. भूमिहीन मजूर, जो गावात सर्वांत गरीब असतो, तो बाहेर राहतो. आणि हप्ता कधी येणार, यादीत नाव राहणार की कटणार, ही धाकधूक असेल तर बारा वर्षांच्या गावांना जो भरवसा मिळाला तो इथे मिळत नाही. या योजनांवर टीका करायची तर ती या मुद्द्यांवर करावी. बायका पैसे उधळतात, या मुद्द्यावर नको.

पैसे थांबले की सगळं पूर्वीसारखं होतं का?

काही गोष्टी टिकतात, काही नाहीत. पत्रा राहतो, गाय राहते, धंदा जमला असेल तर तोही. पण बालमृत्यू पैसे संपल्यावर बऱ्याच अंशी पूर्वीच्या पातळीवर गेले. आधीच्या बाळंतपणात हाताशी असलेले पैसे पुढच्या बाळंतपणात नव्हते. मला यातून मदत फुकट गेली असं दिसत नाही. जी बाळं वाचली ती वाचली. मदत एकदाच देऊन थांबवू नये, असं मात्र नक्की दिसतं.

ओळखीच्या एखाद्या कुटुंबाला मदत करायची असेल तर?

वेळ बघा. पेरणीआधीचा पैसा बियाण्याची उधारी वाचवतो. घरात कोणी पोटुशी असेल तर सातव्या महिन्यापासून द्या. पीक काढणीच्या वेळी दिलेत तर माल लगेच विकावा लागत नाही.

रक्कम किती आणि किती महिने, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा आणि ते पाळा. सहा महिने दरमहा हजार देणार असाल तर तसं सांगा, ‘बघू’ म्हणू नका. शक्य असेल तर घरातल्या बाईच्या खात्यावर टाका, खातं तीच चालवते ना याची आधी खात्री करून. एटीएम कार्ड भावाकडे किंवा दिराकडे असणं फार सर्रास चालतं.

चार लोकांसमोर देऊ नका, फोटो काढू नका. हिशेब विचारू नका. त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐका, आणि पैसे तुम्हाला न पटणाऱ्या गोष्टीवर गेले असतील, समजा मुलीच्या पायातल्या पैंजणांवर, तरी पुढचा हप्ता ठरल्या तारखेला टाका.